धुतलेले दगड

पाऊस गेल्याची खूण मला रस्त्याच्या कडेला दिसते. कंबरेएवढं वाढलेलं गवत एखाद्या सकाळी कापून आडवं पडलेलं असतं. त्याचा ओला, किंचित आंबूस वास गाडीच्या काचेतून आत येतो. झाडांच्या बुंध्यांवर गेरू-चुन्याचे ताजे पट्टे चढतात. वसई पूर्वेकडून भिवंडीच्या रस्त्याला लागलं की एका हाताला भाताची खाचरं पिवळी पडू लागलेली असतात आणि दुसऱ्या हाताला डोंगर असतो. रस्ता रुंद करताना हा डोंगर एका ठिकाणी उभा कापला आहे. तिथे काळ्या दगडाची दोन माणसं उंच भिंत तयार झाली आहे. आम्ही गावातले लोक तिला कटिंग म्हणतो. चार महिने त्या भिंतीवरून पाणी गळत असतं. ऑक्टोबरच्या उन्हात ती हळूहळू वाळते, आणि वाळता वाळता तिच्या अंगावर जागोजागी काहीतरी लुकलुकायला लागतं.

मी एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवते. दरवर्षी याच दिवसांत विद्यार्थ्यांना घेऊन त्या भिंतीपाशी जाते. तिथे उभी राहून मी दरवर्षी एक गोष्ट सांगत आले. ती ऐकून मुलं पोट धरून हसतात, आणि वर्ष संपलं तरी त्यांच्या लक्षात तेवढीच राहते. ती गोष्ट मुळात खोटी नाही. पण मी ती ज्या तऱ्हेने सांगत आले, त्याची मला आयुष्यात सगळ्यात जास्त लाज वाटते. यंदा ती माझ्याच घरात, माझ्यासमोर, दुसऱ्याच तोंडून सांगितली गेली. तेव्हापासून चैन नाही.

आपल्या पायाखालचा हा काळा दगड कधीकाळी पातळ, तापलेला होता आणि वाहत होता. थर येई, थंड होई, मग बऱ्याच काळाने त्यावर दुसरा थर येई. भाकरीत जशी वाफ अडकून फुगवटा राहतो, तशी या थरांच्या वरच्या अंगाला हवा अडकली आणि पोकळ्या राहिल्या. नंतर लाखो वर्षं त्या पोकळ्यांत पाणी झिरपत राहिलं. पाण्यातून जे मागे राहिलं ते साचत गेलं. कुठे गारगोटी झाली, कुठे अकीक, कुठे पैलूदार स्फटिक, कुठे सुईसारख्या काड्यांचे झुबके. बाहेरून बघाल तर मळकट बटाटा, आत उघडलात तर साखर सांडल्यासारखं. हे सगळं मी आता वर्गात फळ्यावर आकृती काढून शिकवते. मला मात्र ते फळ्याच्या आधी एका पहारीने शिकवलं होतं.

माझे बाबा मैलकुली होते. आजच्या मुलांना हा शब्द सांगावा लागतो. रस्त्याचा एक तुकडा एका माणसाला नेमून दिलेला असे. त्याने रोज तो पायी चालायचा, खड्डे बुजवायचे, कडेची गटारं मोकळी ठेवायची, पावसात दगड घरंगळून आले तर बाजूला करायचे आणि पावसानंतर गवत काढायचं. बाबांच्या तुकड्यात ती कटिंग होती. पावसाळ्यात दर सकाळी भिंतीखाली चार-दोन दगड पडलेले असत. इतर मैलकुली ते फावड्याने गटारापलीकडे लोटून देत. बाबा आधी पहारीचं टोक हलकेच आपटून बघत. भरीव दगड खणकन बोले. पोकळ दगडाचा आवाज बसका येई, घसा बसलेल्या माणसासारखा. असा आवाज आला की बाबा उकिडवे बसत, दगड फिरवून फिरवून बघत, आणि संध्याकाळी माझ्यासाठी काहीतरी खाकी पँटच्या खिशातून बाहेर येई. तो खिसा आई सारखी शिवत असे आणि तो सारखा फाटत असे.

मी ते दगड स्टीलच्या वाटीत पाणी घालून ठेवायची. अकीक कोरडा असताना अगदी गरीब दिसतो. पाण्यात गेला की त्याच्या आतल्या रेषा उठून येतात. दुधी, तपकिरी, राखाडी, पुन्हा दुधी. शाळेतून आल्यावर मी आधी वाटी बघायची, मग जेवायची. आई म्हणायची, माझ्या स्वयंपाकघरात भांड्यांपेक्षा धोंडे जास्त झालेत, आता या बापलेकींना धोंडेच शिजवून घालते.

भिंतीच्या मधोमध एक हातभर जाडीचा तांबडा पट्टा आहे. बाबांनी मला तो मी पाचवी-सहावीत असताना दाखवला होता. पहारीने त्याच्याकडे बोट करावं तसं करून ते म्हणाले होते, "तांबड्याच्या खाली बघायचं, बाय. वर नुसता काळा दगड. काय ते खाली." का, हे त्यांना ठाऊक नव्हतं. पण रोज येता-जाता बघून बघून त्यांच्या ते लक्षात आलं होतं.

पुढे मी मुंबईच्या कॉलेजात गेले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. दुसऱ्या वर्षी आमच्या सरांनी फळ्यावर दोन थर काढले, मध्ये लाल खडूने एक पट्टा भरला आणि विचारलं, पोकळ्या जास्त कुठे सापडतील? मी म्हणाले, लाल पट्ट्याच्या खाली, खालच्या थराच्या माथ्याला. सर खूश झाले. त्यांनी विचारलं, कुठे वाचलंस हे? मी म्हणाले, लायब्ररीत.

हे पहिलं. लहानसं होतं. मला तेव्हा ते खोटंही वाटलं नाही. चांगल्या मुली लायब्ररीत वाचतात, मला चांगली मुलगी व्हायचं होतं, एवढंच.

सरांविषयी मला कृतज्ञतेशिवाय काही वाटत नाही, हे इथे सांगायला हवं. त्यांनी मला आपली पुस्तकं दिली, एम.एस्सी.चा अर्ज स्वतः समोर बसून भरून घेतला. या गोष्टीत ते कुठेही वाईट नाहीत. वाईट व्हायला मी पुरेशी होते.

त्या वर्षी सरांनी अभ्याससहलीसाठी आमचीच कटिंग निवडली. मी घरी सांगितलं तेव्हा दसऱ्याचे दिवस होते. खंडेनवमीला बाबा आपली हत्यारं धुऊन ओटीवर मांडत. पहार, फावडं, कोयता, घमेलं. वसईतल्या होळी नावाच्या बाजारातून आणलेल्या झेंडूची माळ सगळ्यांना मिळून एकच. त्या वर्षी त्यांनी माझी हातोडीही मागून घेतली. कॉलेजने नमुने फोडायला दिलेली ती लहान हातोडी त्यांनी पहारीच्या शेजारी ठेवली, तिला हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं. म्हणाले, हीसुद्धा आता आपल्यातलीच. मला भरून आलं होतं, ते खरं आहे. आणि दोन दिवसांनी सहलीला निघायच्या आधी मी मोरीत बसून हातोडीवरचं कुंकू साबण लावून घासून काढलं, तेही खरं आहे.

सहलीच्या आदल्या संध्याकाळी बाबा ओटीवर पाय सोडून बसले होते. आवाज जरा खाली आणून म्हणाले, तुझ्या सरांसाठी एक चीज राखून ठेवली आहे. महिन्याभरापूर्वी भिंतीतून एक मोठा दगड सुटला होता. तो पडताना दुभंगला. आत ओंजळभर पोकळी आणि त्या पोकळीत सावरीच्या कापसासारखे पांढरेशुभ्र गोळे. बाबांनी असं आधी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी त्यावर पळसाची पानं आणि गोणपाट झाकून तो गटाराच्या आडोशाला ठेवला होता आणि महिनाभर दिवसातून दोनदा तो जागेवर आहे ना ते बघत होते.

मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणाले, "बाबा, जे काय द्याल ते नीट स्वच्छ धुऊन ठेवा. चिखल-माती लागलेलं नको. मुंबईची मुलं आहेत."

बाबा म्हणाले, बरं.

मग त्यांनी विचारलं, "सरांना सांगू का, मी कोन ते?"

मी म्हणाले, "कशाला? ते घाईत असतात."

पुस्तकांत अशा ठिकाणी माणसाच्या छातीत काहीतरी हलतं. माझ्या काही हललं नाही. मी आत जाऊन भात वाढून घेतला आणि लोणचं कुठे आहे म्हणून आईला विचारलं.

दुसऱ्या दिवशी बस कटिंगपाशी थांबली तेव्हा ऊन तिरपं होतं. भिंत चमकत होती. खाली तीन मैलकुली गवत कापत होते. बाबा त्यांतले एक. त्यांनी धुतलेला सदरा घातला होता आणि डोक्याला नवा रुमाल बांधला होता. गवत कापायच्या दिवशी कोणी नवा रुमाल बांधत नाही. गटाराच्या काठाला गोणपाट पसरून त्यावर बारा-पंधरा दगड लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडले होते. सगळे ओलेकच्च, लखलखीत. एका टोकाला डबा होता, डब्यात पाणी, पाण्यात कपडे घासायचा ब्रश.

मुलं धावली. सर गुडघ्यांवर बसले. पहिले काही दगड बघून ते खरोखर हरखले, हा बघा, हा बघा, असं म्हणत एकेक वर धरून दाखवू लागले. मग त्यांनी शेवटचा, सगळ्यात मोठा दगड उचलला. आत बघितलं. बोट लावलं. त्यांचा चेहरा उतरला.

त्या पांढऱ्या गोळ्यांना ओकेनाइट म्हणतात. केसापेक्षा बारीक तंतूंचे ते गोळे असतात. फुंकरीने हलतात, बोट लागलं तर दबतात आणि पाण्याने भिजले तर एकमेकांना चिकटून त्यांचा लगदा होतो. पुन्हा कधीच फुलत नाहीत. सरांच्या हातात पोकळीभर करडा लगदा होता. त्यावर ब्रशचे ओरखडे होते.

"कुणी घासलं हे?" सरांनी विचारलं. आवाज चढवला नाही. कुणी गेल्याचं दुःख व्हावं तसं त्यांना झालं होतं.

बाबा पुढे आले. "मी धुतलं, साहेब. माती व्हती."

सर म्हणाले, अहो, हे आयुष्यात एकदा सापडतं, याला पाणीसुद्धा लावायचं नसतं. मागून कोणीतरी विचारलं, "काका, साबण कुठला लावला?" सगळे हसले. बाबाही थोडे हसले, आपणही या मुलांच्यातलेच आहोत असं दाखवत. हसताना त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी बोलावं म्हणून त्यांनी बघितलं, असं मला आजही वाटत नाही. मला त्रास होतोय का, एवढंच ते बघत होते.

तेवढ्यात सर माझ्याकडे वळले. "तुझं गाव इथंच ना गं? ओळखीचे आहेत का हे?"

"नाही सर," मी म्हणाले. आणि तेवढ्याने भागलं नाही म्हणून पुढे म्हणाले, "रस्त्याचे मजूर आहेत. दरवर्षी वेगळे असतात."

बाबा चार हातांवर उभे होते. त्यांनी ऐकलं. खाली वाकून कोयता उचलला आणि मी ज्या गवतात उभी होते तिकडे येत म्हणाले, "ताई, जरा सरका. इथलं काढायचं हाय."

मी सरकले.

परतताना बसमध्ये माझी मैत्रीण एलिझा माझ्या शेजारी बसली नाही. एलिझा भुईगावची. नाताळात मी तिच्या घरी जायची, गणपतीत ती आमच्याकडे यायची. बाबांनी तिला केळीच्या पानावर जेवायला वाढलं होतं, तिच्या वडिलांच्या वाडीतल्या पानवेलीची चौकशी केली होती. ती त्यांना चांगली ओळखत होती. उतरल्यावर मी तिला गाठलं, तर ती म्हणाली, "मी गप्प बसले ते तुझ्यासाठी नाही. तुझा बाप आहे, बोलायला तू हवं होतंस." त्यानंतरही आमची मैत्री राहिली. नाताळला मी अजून जाते. पण ते वाक्य तिने परत घेतलं नाही, आणि मी तिला तसं सांगितलंही नाही.

त्या संध्याकाळी बाबांनी पाय धुताना एकच विचारलं, सरांना राग आला का. मी नाही म्हणाले. आई विचारत होती, आवडले का सरांना दगड? बाबांनीच उत्तर दिलं, आवडले, आवडले.

पुढचा पावसाळा आला आणि गेला. बाबांच्या खिशातून काही निघालं नाही. मी विचारलंही नाही. अभ्यास वाढला होता. कधी मनात आलं तर मी समजूत घालायची, वय झालं, कंबर धरते, कोण वाकणार. त्याच वयात ते आंब्यावर चढत होते, हे मी त्या समजुतीत धरलं नव्हतं.

सरांना सांगायची संधी मला पुष्कळदा होती. नोकरी लागली तेव्हा मी पेढे घेऊन गेले होते. ते निवृत्त झाल्यावर भेटायला गेले होते. एकदा त्यांनी आपण होऊन विषय काढला, तुमच्या गावाकडे तो ओकेनाइट वाया गेला, आठवतंय का? मी हो म्हणाले. त्यांच्या घरी चहाचा कप हातात घेऊन मी हळहळले. सर आता नाहीत.

आणि मी शिकवू लागले, तेव्हा ही गोष्ट माझ्या कामी आली. जागेवरचा नमुना कधी धुवायचा नाही, हा आमच्या विषयातला पहिला धडा. तो मुलांच्या डोक्यात बसवायला मला एक मजूर मिळाला. पहिल्या वर्षी मी दोन वाक्यांत सांगितलं. मुलं हसली, म्हणून पुढच्या वर्षी लांबवलं. मी त्यात साबणाची वडी घातली, जी तिथे नव्हती. मी त्या मजुराला "एकदम चकाचक केलंय, साहेब" असं बोलायला लावलं, जे तो बोलला नव्हता. त्याचा आवाज काढताना मी "पानी" म्हणायची. माझ्या आईच्या घरातला, माझ्या स्वतःच्या जिभेवरचा उच्चार मी घासून घासून काढला होता. तो मी वर्षातून एकदा, टाळी घ्यायला, परत तोंडात घ्यायची. मुलं त्या माणसाला साबणवाले काका म्हणू लागली. एका बॅचकडून दुसऱ्या बॅचकडे ते नाव जात राहिलं.

आई गेल्यावर बाबा काही वर्षं गावातच राहिले. यंदाच्या पावसाळ्यात त्यांचे गुडघे फारच धरले, म्हणून मी त्यांना विरारला आमच्या फ्लॅटवर आणलं. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत खुर्ची टाकून ते खालच्या रस्त्याकडे बघत बसतात. कुठे गटार तुंबलंय, कुठे डांबर पातळ पडलंय, हे त्यांना वरून कळतं. सोसायटीच्या सेक्रेटरींना ते दोनदा सांगूनही आले.

सहलीच्या दोन दिवस आधी माझी एक विद्यार्थिनी, ऋतुजा, हातोड्या आणि पिशव्या न्यायला घरी आली. हुशार मुलगी, बोलघेवडी. बाबा हॉलमध्ये वालाच्या शेंगा सोलत होते. ती त्यांना नमस्कार करून माझ्याकडे वळली आणि हसत म्हणाली, "मॅडम, साबणवाल्या काकांची गोष्ट आम्हालापण सांगणार ना? सीनियर्सनी अर्धीच सांगितली."

बाबांनी विचारलं, कोन साबनवाला?

मी काही बोलायच्या आत ऋतुजाने सांगायला सुरुवात केली. तिने मनापासून सांगितली. हातवारे केले. साबणाची वडी, चकाचक, सगळं. म्हाताऱ्या माणसाला हसवायची तिची इच्छा होती. बाबा शेंग हातात धरून ऐकत राहिले. मधे मधे मान हलवत होते. गोष्ट संपल्यावर ते हसले, अगदी तसेच, आपणही त्यांच्यातलेच आहोत असं दाखवत. म्हणाले, "खरं हाय. अडान्याच्या हातात दिलं की असंच व्हायचं."

ऋतुजा गेल्यावर मी दाराशीच उभी राहिले. बाबांनी पुन्हा शेंगा सोलायला घेतल्या. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "तवा तुझे मार्क कापले काय?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. इतकी वर्षं ते धरून चालले होते की त्यांच्या ब्रशमुळे माझं नुकसान झालं, म्हणून मी त्या संध्याकाळी फारशी बोलले नाही.

मी म्हणाले, नाही बाबा, मार्क वगैरे काही नव्हते.

"मी त्या दिसापासून दगड उचलला नाय," ते म्हणाले. "म्हटलं, आपल्याला त्यातलं कळत नाय. उगाच पोरीचं कायतरी बिघडवायचं."

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. म्हणाले, "बाबा, धुवायला मीच सांगितलं होतं. आदल्या संध्याकाळी. ओटीवर."

ते आठवू लागले. आठवलं असावं. पण त्यांनी मान हलवली. "तू माती नको म्हनालीस. घासायचं तू नाय सांगितलंस. ब्रश मीच घेतला." आणि विषय मिटल्यासारखं वालाचं ताट माझ्याकडे सरकवलं. मी त्यांच्यापुढे माझा दोष कबूल करायला गेले होते. त्यातलाही निम्मा त्यांनी स्वतःकडे ठेवून घेतला.

सहलीला या म्हणून मी त्यांना आग्रह केला. ते गुडघ्यांचं कारण सांगून आले नाहीत.

कटिंगवर ऊन तसंच तिरपं होतं. नवी मुलं होती. मैलकुली मात्र नव्हते. गवत आता कंत्राटदाराची माणसं मशीनने कापतात. मुलं माझ्याभोवती गोळा झाली आणि त्यांच्या चेहऱ्यांवर ते हसू आधीच येऊन बसलं होतं. मी म्हणाले, ज्यांना तुम्ही साबणवाले काका म्हणता, ते माझे वडील. तांबड्या पट्ट्याच्या खाली बघायचं, हे मला सरांच्या आधी त्यांनी शिकवलं. तो दगड त्यांनी महिनाभर झाकून, जपून ठेवला होता. मी जी काही आहे ती माझ्या वडिलांमुळे.

मग एकाने टाळी वाजवली आणि सगळ्यांनी वाजवल्या. दोन मुलींच्या डोळ्यांत पाणी आलं. एका मुलाने मोबाइल वर धरला होता. मैलकुलीची मुलगी, आज प्राध्यापक. त्यांना ती गोष्ट फार आवडली. ऋतुजा तेवढी मान खाली घालून उभी होती.

मला वाटलं होतं की हे सांगितलं की ओझं उतरेल. टाळ्या वाजत होत्या आणि माझे कान तापत चालले होते. कारण त्या मलाच वाजत होत्या. त्या दिवशीही इथे जे काही चांगलं होतं ते मीच घेतलं होतं, आजही मीच घेत होते.

ऋतुजाने मान वर केली. ती मुळात अभ्यासू मुलगी आहे, तिला गोष्टीतलं भोक दिसलं. "पण मॅडम," तिने विचारलं, "महिनाभर झाकून ठेवला होता म्हणता ना? मग त्यांना शेवटी धुवायला कोणी सांगितलं?"

मी म्हणाले, "मी. आणि सरांनी विचारल्यावर मी यांना ओळखत नाही असं सांगणारीही मीच."

मोबाइल खाली आला. रस्त्यावरून खडीचे दोन डंपर गेले, त्यांची धूळ बसेपर्यंत आम्ही तसेच उभे होतो. मग मी म्हणाले, चला, कामाला लागू या.

घरी आले तेव्हा बाबा गॅलरीत होते. मी त्यांना सगळं सांगितलं, टाळ्यांसकट आणि टाळ्यांनंतरच्या प्रश्नासकट. त्यांना ते फारसं रुचलं नाही. पोरांसमोर एवढं कशाला सांगायचं, त्यांना मास्तरणीचा धाक राहायला पाहिजे, असं म्हणाले. मग खालच्या रस्त्याकडे बघत, सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं,

"माझं नाव सांगितलंस का?"

मी आठवून बघितलं. माझे वडील, माझे वडील, असं मी तीन-चारदा म्हणाले होते. नाव एकदाही घेतलं नव्हतं. मुलांनीही विचारलं नव्हतं. इथेसुद्धा, एवढं सगळं लिहून झालं तरी, मी ते लिहिलेलं नाही.

काशिनाथ दामा भोईर.